मैदानाचा रंग

१

सकाळी मुलं बॅट-बॉल घेऊन गल्लीच्या टोकाला गेली आणि गेल्या पावली परत आली. मैदानाला पत्रे लागले होते. नवेकोरे, डोक्यावरून जाणारे पत्रे, आणि मधोमध एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो. खाली लिहिलं होतं की इथे लवकरच त्यांच्यासारख्यांची घरं होणार. मैदानाच्या कडेला एक लांब दगडी कट्टा होता. त्यावर गल्लीतली म्हातारी माणसं बसायची, बायका भाजी निवडायच्या, भांडणं व्हायची आणि मिटायचीही. तो कट्टाही पत्र्याच्या आत गेला होता.

गल्ली खवळली आणि घोळक्याने नगररचना कार्यालयात गेली. शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक जागेला एक रंग असतो. राहायच्या जागेला पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा आणि मैदानं-बागांना हिरवा. जमीन कुणाच्याही मालकीची असो, तिथे काय करता येईल हे रंग ठरवतो. या मैदानाचा मालक परदेशात होता आणि त्याला मैदानाचं सोयरसुतक नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी आराखडा तयार होताना गल्लीने सुनावणीत भांडून त्यावर हिरवा रंग मिळवला होता. भिंतीवरच्या नकाशात तो हिरवा तुकडा कित्येकांनी स्वतः बोट लावून पाहिला होता.

आता त्याच नकाशात तो तुकडा पिवळा होता.

हा नकाशा हाताने रंगवलेला. रंगवणारा आरेखक निवृत्त झालेला आणि नेमका याच गल्लीत राहणारा. सगळे त्याला रंगकाका म्हणायचे. त्या दिवसापासून त्याला कुणी काहीच म्हणेनासं झालं. तो समोरून आला की माणसं चपलेचा अंगठा नीट करायला वाकायची.

तक्रार माझ्या टेबलावर आली. मी महापालिकेच्या चौकशी शाखेत आहे. मी दारात दिसले की ऑफिसातल्या लोकांना एकदम खूप काम आठवतं. त्याची मला सवय आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही येते. या प्रकरणात मात्र शेवटपर्यंत मजा आली नाही.

तक्रारीसोबत कागदतज्ज्ञाचा अहवाल जोडला होता. त्याने भिंगातून नकाशा तपासला होता. कागद कुठेही खरवडलेला नाही. पिवळ्या रंगाखाली दुसरा रंग नाही. वरून रंग चढवलेला नाही. सबब हा तुकडा पहिल्यापासून पिवळाच होता.

म्हणजे गल्ली खोटं बोलत होती, नाहीतर गल्लीच्या डोळ्यांत कुणीतरी धूळ फेकली होती.

२

रंगकाकांचं घर दोन खोल्यांचं, लख्ख. दार त्यांच्या सुनेने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर ती आधी गल्लीत दोन्हीकडे बघून आली आणि मग मला आत घेतलं.

"तुम्ही तरी यांना बोलतं करा," ती म्हणाली. "आता तर बाबा बाहेर पडायचेच बंद झालेत. माझ्या मुलीला शाळेत म्हणतात, तुझ्या आजोबांनी ग्राउंड विकलं. ती रडत येते. मी म्हणते, बाबा, एकदा चारचौघांत सांगा ना की मी नाही केलं. तर गप्प."

काका खिडकीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून बसले होते. अंगावर पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि त्या खिशाच्या तळाशी निळा डाग. मी स्टूल ओढून समोर बसले.

"काका, तो तुकडा कुणी रंगवला?"

"मीच."

"कुठल्या रंगाने?"

"हिरवा."

"मग पिवळा कसा झाला?"

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. बोटं लांब आणि स्वच्छ होती, नखं बारीक कापलेली.

"कुणी बदलला? साहेबांनी? त्या बिल्डरने?"

"कुणावर आळ घेऊ नका," ते म्हणाले. "मी हिरवा लावला होता. एवढंच लिहा."

सुनेने चहा आणला. मी घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. चहात चांगलं चमचाभर मीठ होतं.

"अगं बाई!" माझा चेहरा बघून ती धावली. "मीठ पडलं का? या बरण्यांनी जीव नकोसा केलाय. सगळ्या सारख्या आणल्या, हौसेने चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या आणि खिडकीत ओळीने मांडल्या. आता बघा, एकीवर अक्षर उरलंय का! रोज चाखून बघायचं आणि मग टाकायचं. आज घाईत राहिलं."

मला हसू आलं. तीही बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. तेवढ्यात काका उठले आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. ऊन डोळ्यांवर येत असेल असं मला वाटलं.

निघताना दारात ती हळूच म्हणाली, "मॅडम, खरं काय ते निघू दे. पण बाबा चोर नाहीत, एवढं तरी निघू दे."

३

बिल्डर मला पत्र्यांपाशी भेटला. डोक्यावर पिवळी टोपी, बोलणं मोकळं. असल्या माणसावर संशय घ्यायला मी नेहमी तयार असते.

"मॅडम, मी आधी रंग बघतो, मग जमीन," तो म्हणाला. "आराखडा मंजूर झाला, कॉम्प्युटरवर आला, मी बघितला. गल्लीच्या टोकाला एवढी मोठी पिवळी जागा आणि तिथे पोरं खेळतायत! मला वाटलं, मालक वेडा आहे. त्याला शोधून काढला आणि जमीन घेतली. हिरवी असती तर मी फुकटसुद्धा घेतली नसती."

मी तारखा तपासल्या. आराखडा मंजूर होईपर्यंत या माणसाला गल्लीचं नावही माहीत नव्हतं. मालकाला आपल्या जमिनीवर रंग असतो हेच माहीत नव्हतं. ज्यांचा फायदा झाला त्यांनी काही केलं नव्हतं. असं झालं की माझं डोकं दुखायला लागतं.

मग नगररचनेच्या मोठ्या साहेबांकडे गेले. केबिन ऐसपैस, एका बाजूला पूर्ण काचेची खिडकी आणि तिच्या समोरच्या भिंतीवर तो नकाशा. नकाशाच्या चारही कडांना लाकडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या. शहर इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं. रस्ते केसासारखे बारीक, नदीची कड एकाही ठिकाणी थरथरलेली नाही. मैदान नकाशाच्या अगदी काठाला, खालच्या पट्टीला टेकलेलं होतं.

"सुरेख काम," मी म्हणाले.

"हल्ली असं काम होत नाही," साहेब म्हणाले. "आधी हा बाहेर अंधाऱ्या हॉलमध्ये लटकत होता. कुणाचं लक्षही जायचं नाही. मी म्हटलं, एवढी चांगली वस्तू, पाहुण्यांना दिसली पाहिजे. आत आणवला."

"मैदानाचं काय झालं, साहेब?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला काय वाटतं, मला वाईट वाटत नाही? अहो, ते मैदान नकाशात मीच घालायला लावलं होतं. सुनावणी संध्याकाळपर्यंत चालली. त्या गल्लीतल्या बायका रडकुंडीला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा जाहीर व्हायचा होता. आराखड्याचा अहवाल छापून झालेला, त्यात घालणं शक्य नव्हतं. मी रंगकाकांना म्हटलं, अहवालाचं सोडा, दोन्हींत फरक पडला तर आपल्या नियमात नकाशाच खरा धरतात. तेवढा तुकडा हिरवा करा. ते थांबले आणि करून गेले."

"छापील प्रती?"

"काळ्या-पांढऱ्या. रंग फक्त या एका नकाशावर."

"आणि गल्लीपैकी कुणी फोटो?"

"नाही ना. आपल्याच मैदानाचा फोटो कोण काढून ठेवतो?"

मी नकाशाजवळ गेले. पहिली शंका साधी होती, खिडकी समोर होती आणि ऊन थेट येत होतं. पण मैदानाच्या शेजारी, त्याच उन्हात, बागेचा एक तुकडा होता आणि तो हिरवागार होता. वर स्मशानाची झाडी हिरवी. पलीकडे तलावाकाठची पट्टी हिरवी. ऊन काही ओळख बघून रंग उडवत नाही. उडवायचं तर त्याने सगळेच उडवले असते.

तज्ज्ञ म्हणत होता, हिरवा कधी नव्हताच. साहेब, गल्ली आणि काका म्हणत होते, होता. आणि मला चौघांपैकी कुणीही खोटं बोलतंय असं वाटत नव्हतं.

४

हा नकाशा बघून कॉम्प्युटरवर आराखडा चढवणारी मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. हुशार, चष्मेवाली, माझ्याशी बोलताना माउसची वायर बोटाला गुंडाळणारी.

"जसं दिसलं तसं घेतलं, मॅडम. माझ्यासमोर आला तेव्हा पिवळाच होता."

"म्हणजे नकाशा केबिनमध्ये आल्यानंतर?"

"हो. दोन-तीन उन्हाळे गेले होते मधे."

"शंका नाही आली?"

वायर आणखी घट्ट झाली. "मी नवीन होते," ती म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

तिला सोडून मी भांडारात गेले, कारण एक गोष्ट मला टोचत होती. साहेब म्हणाले होते, सुनावणी संध्याकाळपर्यंत चालली. मी भांडारपालाला विचारलं, संध्याकाळी कुणाला रंगाची बाटली लागली तर?

"लागली तर लागली," तो म्हणाला. "मी वेळेवर कुलूप लावतो. आणि रिकामी बाटली जमा केल्याशिवाय नवी देत नाही. रंगकाकांचं नि माझं यावरून किती वाजायचं! शेवटी शेवटी तर ते म्हणायचे, तुझ्या दारात येण्यापेक्षा मी घरचा रंग आणीन."

"मग संध्याकाळी हिरवा संपला तर माणसाने काय करायचं?"

"काय करणार? पोरं शाळेत करतात ते. पिवळ्यात निळा घालायचा."

मी तिथेच उभी राहिले. त्याला वाटलं मला चक्कर आली, त्याने खुर्ची पुढे केली. मला चक्कर आली नव्हती. माझ्या जिभेवर अचानक खारट चहाची चव आली होती.

खिडकीतल्या बरण्यांवरची अक्षरं कोणत्या पेनाने लिहिली होती, हे मी सुनेला विचारलंच नव्हतं. मी फोन केला.

"बाबांच्या," ती म्हणाली. "त्यांच्या शाईच्या पेनाने. का हो?"

५

मी साहेबांच्या केबिनमध्ये सुतार बोलावला. साहेब, ती चष्मेवाली मुलगी आणि कागदतज्ज्ञ, तिघांना उभं केलं.

"काय करताय हे?" साहेबांनी विचारलं.

"खालची पट्टी काढायची आहे. मैदान या पट्टीला टेकलंय. टेकलंय म्हणजे थोडं तिच्याखालीही गेलं असणार. तिथे ऊन पोचलेलं नाही."

सुताराने खिळे उपसले. पट्टी सुटली. तिच्याखाली बोटभर रुंदीचा, मैदानाच्या लांबीएवढा एक पट्टा होता, हिरवा. कालच गवत उगवल्यासारखा.

तज्ज्ञाने भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"रंग दोन आहेत," तो शेवटी म्हणाला. "एकात एक कालवलेले. म्हणून मला खाली-वर काही सापडलं नाही. पिवळा आहे तो पक्का. निळा..."

"निळी शाई," मी म्हणाले. "धुतली की जाणारी, उन्हात उडणारी. त्या संध्याकाळी हिरवी बाटली संपली होती, भांडाराला कुलूप होतं. काकांनी खिशातल्या पेनाची शाई पिवळ्यात घातली. बाकीचे हिरवे तुकडे बाटलीतले, म्हणून ते टिकले. अंधाऱ्या हॉलमध्ये हाही टिकला. मग नकाशा उन्हात आला. निळा हळूहळू निघून गेला, पिवळा राहिला. या नकाशाला कुणी हात लावलेला नाही."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "मी आणवला आत," ते म्हणाले.

तेव्हा ती मुलगी रडायला लागली.

"मी विचारलं होतं, सर. तुम्हाला आठवत नसेल. मी म्हटलं होतं, बाकीच्या पिवळ्यापेक्षा हा वेगळा दिसतोय, कडेला हिरवट झाक आहे. तुम्ही फोनवर होतात. तुम्ही म्हणालात, पिवळा दिसतोय ना? मग पिवळा घे."

साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. जे मैदान त्यांनी स्वतः नकाशात घालायला लावलं होतं त्याबद्दल विचारलेला एक प्रश्न, आणि त्यांना तो आठवत नव्हता. मला वाटतं त्या क्षणी त्यांना शिक्षा हवी होती. पण फोनवर बोलत असल्याची शिक्षा कुठल्या कलमात बसते?

"मी पुन्हा विचारायला हवं होतं," मुलगी म्हणाली.

"आता हिरवं करता येईल ना?" मी साहेबांना विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"आराखडा मंजूर झाला. हरकतीची मुदत गेली. परवानगी नियमाप्रमाणे दिलेली आहे, कुणी फसवलेलं नाही." त्यांनी मान हलवली. "लबाडी असती तर रद्द करता आलं असतं. चुकीचं काय करायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की इथे एखादा चोर असता तर बरं झालं असतं.

६

काकांकडे मी एकटीच गेले. पडदा ओढलेला होता. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पट्टी काढलीत?"

"तुम्हाला माहीत होतं."

"पत्रे लागले त्या दिवशीच कळलं. सूनबाई बरण्यांवरून कुरकुरत होती. मी ऐकत होतो, बाहेर आरडाओरडा झाला, कुणीतरी ओरडलं की नकाशात पिवळं आहे. आणि मी खिडकीतल्या बरण्यांकडे बघितलं."

"मग बोलला का नाहीत? लोक तुम्हाला चोर म्हणत होते, काका. नात रडत होती."

खिशातलं पेन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"चोर म्हणतात ते खोटं आहे, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "खोटं सोसता येतं हो. रात्री उशीला डोकं टेकलं की आपण स्वच्छ. पण हे खरं आहे. माझ्याच हाताने गेलं. साहेब म्हणाले होते, घाई आहे. मी म्हटलं, सकाळी भांडार उघडलं की पक्का रंग लावीन. सकाळी माणसं नकाशा बघायला आली. बायका त्या तुकड्यावर बोट ठेवून हसत होत्या. मला म्हणाल्या, काका, काय सुंदर हिरवा जमलाय. मला इतकं बरं वाटलं की... तो पुसून पुन्हा लावायचा जीव झाला नाही."

"त्यात तुमचा काय दोष?"

"माझाच. शाई उडते हे आरेखकाला कुणी सांगायला लागतं का?"

मी चौकशी अधिकारी आहे. समोरच्याची समजूत घालणं माझ्या कामात येत नाही आणि मला जमतही नाही. तरी मी म्हणाले, "अहवालात मी लिहिणार आहे की कुणीही जमीन विकली नाही. तुमचं नाव स्वच्छ होईल. पण ते स्वच्छ करायचं तर शाईचं लिहावं लागेल. नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही."

ते पडद्याकडे बघत राहिले. आतल्या खोलीतून सून आणि नात यांची कुजबुज ऐकू येत होती.

"लिहा," ते म्हणाले. "पोरीला शाळेत जायचं असतं."

७

अहवाल गल्लीत वाचला गेला. मुलीने, म्हणजे त्या चष्मेवालीने, स्वतः येऊन वाचून दाखवला. मी तिला सांगितलं नव्हतं. साहेबांनी बदली मागून घेतली, तीही त्यांना कुणी सांगितली नव्हती. नकाशा पुन्हा अंधाऱ्या हॉलमध्ये गेला.

काही दिवसांनी दुसऱ्या एका कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा पाय आपोआप गल्लीत वळले. पत्र्याआड यंत्र घरघरत होतं आणि दारंखिडक्यांवर मातीचा थर बसला होता.

काकांच्या दाराशी गल्ली जमली होती. त्यांची माफी मागायला आले होते सगळे. पुढे एक जाड आजी होत्या. पूर्वी कट्ट्यावर त्यांची जागा काकांच्या शेजारी असायची, असं मला नंतर कळलं. काका उंबऱ्यात उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन नाही.

"आमचं चुकलं, काका," आजी म्हणाल्या. "तोंड फिरवलं आम्ही."

"माझंही चुकलं," काका म्हणाले.

"तुम्ही काय मुद्दाम केलंत का?"

"मुद्दाम नाही केलं. पण गेलं ना?"

पूर्वी अशा वेळी काय व्हायचं ते मला आजींनीच सांगितलं. कुणीतरी म्हणायचं, चला, जाऊ द्या, बसा. मग सगळे कट्ट्यावर जाऊन बसायचे, आधी जरा अंतर ठेवून, मग कुणीतरी थट्टा करायचं आणि अंतर कमी व्हायचं. या गल्लीतलं प्रत्येक भांडण असंच मिटलं होतं.

"चला, जाऊ द्या," आजी सवयीने म्हणाल्या. "बसा..."

त्या थांबल्या. सगळ्यांनी पत्र्यांकडे पाहिलं. काकांच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावणार नव्हती आणि गल्लीत बसायला एक दगडही नव्हता. सुनेने आतून एक खुर्ची आणली, पण एका खुर्चीवर कोण बसणार? ती तशीच मधे राहिली. मागून कुणाची तरी गाडी आली, हॉर्न वाजवू लागली, तिला वाट द्यायला लोक भिंतीला सरकले.

गाडी गेली तरी ते पुन्हा एकत्र आले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले आणि मग एकेक करून आपापल्या घरी गेले. आजी शेवटी गेल्या. काकांनी खुर्ची उचलून आत ठेवली आणि दार लावून घेतलं.